कोमट पायफडकी

४ एप्रिल १९७३

दवाखान्यातल्या नीनाने ही वही दिली. फेब्रुवारीत मला घेरी आली आणि मी गोठ्यामागच्या शेणाच्या ढिगावर पडलो, तेव्हापासून ती माझ्या मागे हात धुऊन लागली आहे. रोज दोन गोष्टी लिहायच्या: रक्तदाब किती आणि काय प्यालो. म्हणाली, "आर्सेनीकाका, खोटं लिहिलंत तर मला कळेल." मी म्हटलं, पायदळातला माणूस खोटं बोलत नाही. त्याला तेवढी फुरसतच नसते.

रक्तदाब १७०. प्यालो: चहा.

एवढं लिहून पान मोकळंच राहिलं. कागद वाया घालवणं मला जमत नाही, म्हणून पुढचं लिहितो. मी आर्सेनी निकिफोरोविच वेदेर्निकोव, पायदळाचा सार्जंट, आता निवृत्त. छातीवर गौरवपदकाच्या तिन्ही श्रेण्या. आमच्या तालुक्यात तिन्ही असलेला दुसरा माणूस नाही. एक होता, तो जावयाकडे राहायला गेला.

घरात दारूबंदी आहे. ती सरकारची नाही, माझी बायको अग्निया हिची. तिने एकच सूट ठेवली आहे: नवं पदक आलं तर ते भिजवायला प्यायची परवानगी. कारण भिजवल्याशिवाय पदक अंगी लागत नाही, हे बायकोलाही मान्य आहे. आमच्या पलटणीची शिस्त अशी होती की पदक पेल्यात टाकायचं, वर वोडका ओतायची, ज्याचं पदक त्याने एका दमात पेला रिकामा करून पदक ओठांत धरायचं आणि मग ते कशाबद्दल मिळालं ते सगळ्यांसमोर सांगायचं. त्यानंतर बाकीच्यांनी प्यायचं. युद्धावरून येताना ही शिस्त मी गावात आणली. माझी तिन्ही पदकं तिथेच, आघाडीवरच भिजली. नंतर वर्धापनदिनांची म्हणून जी पदकं सरसकट वाटतात ती हजेरीची, ती अग्निया धरत नाही. म्हणजे सूट अशी दिली आहे की तिचा कधी उपयोग होऊ नये. ही बाई सेनापतीच व्हायची.

७ एप्रिल

ग्रामसोव्हिएतचे अध्यक्ष पोतापोव घरी आले. नवा क्लब बांधून झालाय, त्याच्या दारात माझा पुतळा बसवायचा ठरलंय. नऊ मेला, विजयदिनी, अनावरण. शहरातून शिल्पकार येणार, राहायला आमच्याकडेच. मी नको नको म्हटलं, पण फार जोरात नाही.

अग्निया चुलीपाशी उभी होती. तिने विचारलं की त्या दिवशी ती कुठे बसायची. पोतापोव म्हणाले, "अग्निया त्रोफिमोव्हना, तुमच्याशिवाय आमचं कसं चालेल! पन्नास माणसांच्या मासे भरलेल्या पोळ्या तुमच्यावर सोपवल्या." अध्यक्षाने एवढा मान दिला तरी बाईसाहेब बादली उचलून गोठ्यात गेल्या. तिथून तिचा खोकला ऐकू येत होता. दर वसंतात हिला हा खोकला येतो. मी किती वर्षं सांगतोय, स्वेटर घालत जा.

रक्तदाब १६५. प्यालो: चहा, ताक.

१२ एप्रिल

शिल्पकार म्हणजे कुणी दाढीवाला बुवा येईल असं मला वाटलं होतं. आली ती बावीस-तेवीसची पोरगी, रिम्मा नावाची. पायात पुरुषी बूट, गळ्यात तिच्याच उंचीचा मफलर. चिखलातून एकटीने प्लास्टरची पोती ओढत आणली. पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. पुतळा छातीपर्यंतच होणार म्हणाली.

मी विचारलं, "आणि पाय?"

"पाय नाहीत. प्लास्टर छातीपुरतंच मंजूर आहे."

पायदळाच्या शिपायाचा पुतळा, आणि त्याला पाय नाहीत! मी व्होल्गापासून जर्मनीतल्या ओडर नदीपर्यंत छातीवर गेलो नव्हतो. थोडा सरपटलो असेन, पण मुख्यतः चाललोच. सैन्यात पायदळाचं पायांवाचून काय असतं? छाती तर रणगाडेवाल्यांनाही असते. ती म्हणाली, आर्सेनी निकिफोरोविच, पदकं छातीवर असतात, पायांवर नसतात. मी म्हटलं, तिथेच तर चूक झालीय.

शेजारचा झोतिक कुंपणावरून ऐकत होता. हा युद्धात तोफखान्यात होता, उजव्या कानाने ठार बहिरा. म्हणाला, "नशीब समज, आर्सेन्या. माझा पुतळा केला असता तर नुसता कान केला असता."

१५ एप्रिल

आज रिम्माने मला समोर बसवून माती लावली, म्हणजे मातीच्या गोळ्याला, मला नाही. हलायचं नाही, पण बोललेलं चालतं. म्हणून मी तिला माझ्या नशिबाची गोष्ट सांगितली. गावाला ती पाठ आहे, पण ही नवी होती.

शिपायाला मोजे नसतात. हातभर फडकं पायाला गुंडाळायचं आणि वर बूट. गुंडाळण्यात एक चुणी राहिली की टाच सोलते, आणि सोललेल्या टाचेचा शिपाई म्हणजे बसलेला शिपाई. मी निघालो तेव्हा आईने घरचा जाड टॉवेल मधोमध कापून माझी पायफडकी केली. दोन्ही तुकड्यांच्या काठावर तांबडे कोंबडे विणलेले. आता खरी गंमत. अंघोळीच्या दिवशी अख्ख्या बटालियनची मळकी फडकी एका ढिगात जायची. धुलाई पथकाच्या बायका ती न्यायच्या, आणि परत आली की ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याचं. कुणाला फाटक्या चड्डीचं, कुणाला जर्मन पडद्याचं. मला मात्र दर वेळी माझे कोंबडेच मिळायचे. दीड वर्षं! हजार माणसांच्या ढिगातून! याला नशीब नाही तर काय म्हणायचं?

शिवाय १९४४च्या जुलैतली गोष्ट. पिन्स्कची दलदल, तीन दिवस पावसाची झड, जाळ करायला बंदी, कारण धूर दिसला की तोफा सुरू. संध्याकाळी हुकूम आला की उजाडायच्या आत नदीवरच्या पुलाशी पोचा. निघताना फडकी वाटली, तर ती कोरडी! नुसती कोरडी नाही, कोमट. ताज्या पावासारखी. ऊन नाही, विस्तव नाही आणि फडकी कोमट. शेजारच्या बटालियनचे अर्धे लोक ओल्या फडक्यांत टाचा सोलून वाटेत बसले, आमची पलटण झाडून सगळी पोचली. त्या पुलाबद्दल मला दुसऱ्या श्रेणीचं पदक मिळालं.

रिम्माचे हात थांबले. तिने विचारलं, "कोमट कशी?"

मी म्हटलं, "पोरी, नशिबाला कारण विचारत नसतात."

रिम्माने चुलीकडे पाहिलं. तिथे अग्नियाच्या हातून भांड्यावरचं झाकण पडलं. खरं म्हणजे अग्नियाही त्या धुलाई पथकातच होती. आमची ओळख तिथलीच. मी अकॉर्डियन वाजवला आणि ती प्रेमात पडली. पण ती गोष्ट वेगळी आहे, ती मी रिम्माला उद्या सांगेन.

रिम्मा म्हणाली, ती फडकी अजून असतील तर शाळेच्या संग्रहालयात ठेवू.

१८ एप्रिल

फडकी सापडत नाहीत. पेटी उपसली, माळा उपसला, बान्यातली, म्हणजे न्हाणीघरातली, फळी काढून पाहिली. एवढी वर्षं पेटीच्या तळाशी होती, मी स्वतः पाहिली आहेत, बहुतेक १९५६ साली. उंदरांनी खाल्ली असतील. नाहीतर झोतिकने बंदूक पुसायला नेली असतील. त्याला विचारलं तर त्याने बहिरा कान पुढे केला.

शेवटी अग्नियाला विचारलं. ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "नशिबाने येत होती ना? मग नशिबालाच विचार."

हे काय उत्तर झालं? रक्तदाब १८०.

२२ एप्रिल

आज घरात एक गोष्ट घडली. पलंगाखालची बॅग बाहेर निघाली आहे. पितळी कोपऱ्यांची, लग्नानंतर घेतलेली. अग्निया तिच्यात कपडे भरते आहे. मी विचारलं, कुठे? म्हणाली, कोत्लासला, बहिणीकडे. द्विना नदी बर्फातून मोकळी झाली की पहिल्या बोटीने.

किती दिवस, असं विचारलं तर म्हणाली, "राहायला जातेय."

मी बाकावर बसलो. नीनाला बोलवावं असं वाटलं, पण नीनाला सांगणार काय? बायको बॅग भरतेय याला गोळी नसते. इतकी वर्षं एका चुलीपाशी काढली, आणि हे काय? मी मारत नाही, शिव्या देत नाही, आता पीतही नाही. घोरतो, पण ते पहिल्यापासून.

झोतिकशी बोललो. आम्ही दोघांनी सगळ्या बाजूंनी विचार केला आणि उत्तर सापडलं. घरात तरुण पोरगी आली आहे. दिवसभर माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बसते. अग्निया जळते आहे. झोतिक म्हणाला, या वयात कुणी तुझ्यावरून जळावं ही मोठी गोष्ट आहे, तुझी चौथी श्रेणी समज. मला लाज वाटली, आणि थोडं बरंही वाटलं.

२३ एप्रिल

दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून सरळ बोलायचं ठरवलं. अग्नियाला म्हटलं, "हे बघ, ती रिम्मा हाडकुळी आहे. शिवाय तिला डाव्या बाजूने माझं नाक जमत नाही. तू मनात काही आणू नकोस."

अग्निया माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं, आणि नंतर ते हसण्याचं आहे की खोकल्याचं हे मला कळेना, कारण ते थांबेना. ॲप्रनने तोंड पुसून म्हणाली, "म्हाताऱ्या, तुला तीनदा पदक दिलं, एकदा तरी डोकं द्यायचं होतं."

आणि लोकरी मोजे बॅगेत टाकले.

२९ एप्रिल

बर्फ फुटला. सकाळी द्विना आधी कण्हली आणि मग तोफखाना सुरू झाल्यासारखा आवाज आला. बहिऱ्या झोतिकलासुद्धा ऐकू आला, तो आनंदाने टोपी उडवत सुटला. सगळं गाव काठावर. पोरं, म्हातारे, कुत्री. लादीवर लादी चढत होती, कुणाचं तरी कुंपण अख्खंच्या अख्खं वाहत गेलं.

दर वर्षी मी हे बघायला सगळ्यांच्या पुढे असतो. या वर्षी मला नदी मोकळी व्हायला नको होती. अग्निया जरा दूर, शाल गुंडाळून उभी होती. ती बर्फाकडे बघत नव्हती, खाली बोटीच्या धक्क्याकडे बघत होती. तिथे पाटी लावली आहे: पहिली बोट १० मे.

इथे लिहून ठेवतो, वही खाजगी आहे. मला भीती वाटते. ओडर ओलांडताना वाटली होती, पण तेव्हा बरोबर नऊ जण होते. रिकाम्या घरात मला एकट्याला चहासुद्धा करता येत नाही. समोवार तिचं ऐकतो, माझं नाही.

३ मे

पुतळा तयार झाला. तोंड थोडं अध्यक्ष पोतापोवसारखं झालं आहे, पण पदकं उत्तम आली आहेत.

रिम्माच्या टेबलावर चित्रांचे कागद पडले होते. दहा-बारा कागदांवर नुसते हात. सांधे सुजलेले, कातडी भेगाळलेली, आणि तीन बोटांना नखंच नाहीत. बिचारीला हात जमत नाहीत. माझी नखं चांगली शाबूत आहेत. मी काही बोललो नाही, तरुण माणसाचा हिरमोड करू नये. बरंच झालं पुतळा छातीवरच संपला.

रक्तदाब १७५. प्यालो: चहा. अग्नियाने न बोलता दिला.

७ मे

अहाहा! आधी लिहितो, मग मोजतो.

कोटाचं एक बटण तुटलं होतं. नऊ तारखेला तिन्ही पदकं लावायची तर कोट नीट हवा. अग्निया बाहेर होती, म्हणून मीच बटणांचा डबा उपडा केला. बटणं, हुक, एक जर्मन नाणं, आणि त्यांच्यात एक चांदीचं गोल पदक, फितीसकट. साधं पदक, लढाईतल्या सेवेबद्दल देतात ते. माझं नाही. मग आठवलं. हे अग्नियाचं. १९४६ साली टपालाने आलं होतं. त्या दिवशी गाय व्यायली आणि आडवं आलेलं वासरू ओढण्यात दिवस गेला. पदक डब्यात पडलं ते पडलं.

म्हणजे हे पदक भिजलेलंच नाही! सत्तावीस वर्षं कोरडं पदक घरात पडून आहे आणि मी चहा पितोय. काखेत कळसा अन् गावाला वळसा. अग्नियाचा नियम स्वतःच्या तोंडचा आहे: नवं पदक आलं तर. भिजलं नाही ते नवंच. झोतिककडे धावलो. त्याने पदक हातात घेऊन दाताने चावून पाहिलं आणि म्हणाला, कायद्यात बसतं. बाटली त्याच्याकडे आहे. नऊ तारखेला जेवणाच्या पंगतीत सगळ्यांदेखत काढायचं, म्हणजे तिला नाही म्हणता येणार नाही.

दहा तारखेला ती जाणार. निदान त्याआधी घशाखाली काहीतरी जाईल, नाहीतर मला धक्क्यावर उभं राहवणार नाही.

९ मे

सावकाश लिहितो, पण प्यालो म्हणून नाही.

अनावरण झालं. पडदा अर्ध्यात अडकला, पोतापोवांनी ओढला, झोतिक मोठ्याने म्हणाला, "अरे, हे तर अध्यक्ष!" मी मंचावर बसलो होतो. माझ्या एका बाजूला तालुक्याचे पाहुणे, दुसऱ्या बाजूला क्लबचा नवा पियानो. अग्निया क्लबच्या स्वयंपाकघरात होती. खिडकीतून तिचा रुमाल दिसत होता.

नंतर जवळची माणसं आमच्या घरी आली. पोतापोव, नीना, रिम्मा, झोतिक, अजून चार शेजारी. अग्निया माशाची पोळी घेऊन चुलीकडून टेबलाकडे, टेबलाकडून चुलीकडे. बॅग दारापाशी उभी. मी झोतिकला खूण केली, त्याने कोटातून बाटली काढली. नीनाने डोळे वटारले. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "या घरात एक पदक कोरडं राहिलंय. पलटणीच्या शिस्तीत ते बसत नाही. मालकाने पुढे यावं." आणि पदक पेल्यात टाकलं. ते काचेवर वाजलं.

अग्निया दोन्ही हातांत ताट धरून उभी होती. आधी तिला कळलं नाही. मग तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. मला वाटलं, आता ताट माझ्या डोक्यात येणार. तिने ताट खाली ठेवलं, ॲप्रनला हात पुसले, एकदा पुसले, पुन्हा पुसले. टेबलाशी आली. पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. आयुष्यात वोडकाचा थेंब न घेणारी बाई! डोळे घट्ट मिटलेले आणि ओठांत पदक.

तिने पदक तळहातावर घेतलं.

"धुण्याबद्दल मिळालं," ती म्हणाली. "बस, तेवढंच."

झोतिक म्हणाला, "असं नाही चालायचं, त्रोफिमोव्हना. शिस्त म्हणजे शिस्त. नीट सांग, आणि माझ्या डाव्या कानाकडे तोंड करून सांग."

पोतापोवांनी उठून तिला खुर्ची दिली. ती बसली. आमच्या घरी पाहुणे असताना अग्निया खुर्चीवर बसलेली मी पाहिलेली नव्हती.

"पिन्स्कला तीन दिवस पाऊस होता," ती म्हणाली. "फडकी धुतली, पिळली. वाळवायची कुठे? जाळ करायचा नाही. आमची लेफ्टनंट म्हणाली, ओलीच द्या, त्यांचं त्यांना. मी म्हटलं, ओल्या फडक्यात माणूस दोन-तीन तास चालतो, मग बसतो. बसला की मेला. मग आम्ही सहा जणींनी कपडे काढले आणि फडकी अंगाला गुंडाळली. पोटाला, पाठीला, मांड्यांना. वरून कोट, आणि एकीला एक चिकटून बसलो. वाळली की काढायची, दुसरी गुंडाळायची. दुपारपासून तुमची पलटण निघेपर्यंत. दात असे वाजत होते की आमची मारूस्या म्हणाली, जर्मनांना मशीनगन वाटेल, सावकाश कुडकुडा."

कुणी हसलं, कुणी नाही. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "आणि कोंबडे?"

"कोंबडे इथे होते." तिने छातीवर हात ठेवला. हात मला दिसला. तीन बोटांना नखं नाहीत. धुण्याच्या सोड्याने गेली ती, मला माहीत होतं. माहीत होतं आणि दिसत नव्हतं. "ते सगळ्यात आधी गुंडाळले आणि सगळ्यात शेवटी सोडले."

"तू मला तेव्हा ओळखतही नव्हतीस."

"तुला नाही, तुझ्या टाचांना ओळखत होते. बाकीच्यांच्या फडक्यांना रक्त असायचं. कोंबड्यांना कधी नाही. म्हटलं, हा कुणीतरी नीट गुंडाळतोय, आईचं ऐकलेला दिसतोय. याला जगवायला हरकत नाही. मग दर वेळी ढिगातून काढून ठेवायची आणि तुमच्या हवालदाराला बजावून द्यायची, हे कोंबडेवाल्याला."

मी विचारलं, "म्हणजे अकॉर्डियन नव्हता?"

"अकॉर्डियन तू वाईट वाजवत होतास. अजून वाईटच वाजवतोस."

मग ती उठली, दारापाशी गेली आणि बॅग उघडली. लोकरी मोज्यांच्या खाली ती होती. दोन्ही. धुतलेली, घडी घातलेली, कोंबडे अजून तांबडे. एक तिने रिम्माच्या हातात दिलं. "हे शाळेला. पुतळ्याखाली ठेव, म्हणजे त्याला निदान एक पाय मिळेल. दुसरं मी देणार नाही." रिम्मा फडकं हातात धरून रडायला लागली, आणि पोतापोव आपल्या बुटांकडे बघत बसले.

लोक गेले. मी नेमाप्रमाणे वही उघडली. रक्तदाब १६०, नीनाने मोजला. प्यालो… आठवून पाहतो. बाटली झोतिकने उघडली. माझा पेला त्याने काठोकाठ भरला. तो माझ्यासमोर होता. निघताना झोतिकने विचारलं, हा असाच सोडायचा का, आणि स्वतःच संपवला.

प्यालो: काही नाही.

मी तिच्या सन्मानासाठी नव्हे, प्यायला मिळावं म्हणून पदक काढलं होतं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आणि बॅग अजून दारापाशी आहे.

१० मे

बोटीने भोंगा दिला. अग्निया शाल घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "घे बॅग."

घेतली. काय बोलणार? काल सगळ्यांसमोर जे ऐकलं त्यानंतर कुठल्या तोंडाने थांब म्हणू? चिखलातून उतारावर निघालो. बॅग इतकी हलकी लागत होती की मला वाटलं, दुःखाने माणसाची ताकद वाढते. युद्धात असं होतं. धक्क्याच्या फळ्या सुरू झाल्या. वरून बोटीचा माणूस ओरडला, "आजोबा, चढवा लवकर!"

माझे पाय थांबले. व्होल्गा ते ओडर कधी थांबले नव्हते ते. मी म्हटलं, "अग्निया, जाऊ नकोस."

ती म्हणाली, "मोठ्याने बोल, बोटीचं इंजिन चालू आहे."

"जाऊ नकोस!" मी ओरडलो. धक्क्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. झोतिकने सुद्धा, आणि तो वर कुंपणापाशी होता.

"बॅग रिकामी आहे, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "वजनावरून कळलं नाही? सार्जंट म्हणवतोस."

सकाळी मी बान्यात पाणी तापवत होतो तेव्हा तिने सगळं पेटीत परत ठेवलं होतं. मग मला इथवर चिखलातून का आणलं? तर म्हणे, तोंड उघडतोस का ते बघायचं होतं.

बोट निघून गेली. आम्ही चढण चढायला लागलो. ती मध्येच खोकल्यासाठी थांबली. इतकी वर्षं मी म्हणत आलो, स्वेटर घाल. आज काही म्हटलं नाही, पाठीवर हात ठेवला. अर्ध्या वाटेवर मला राहवेना. म्हटलं, अग्निया, एक सांगायचंय, काल ते पदक मी खरं म्हणजे…

"प्यायला काढलंस," ती म्हणाली. "माहीत आहे मला. झोतिकचा कोट सकाळपासून बाटलीच्या आकाराचा दिसत होता."

"मग का राहिलीस?"

ती थोडी पुढे गेली आणि मागे न बघता म्हणाली, "माझं बोलणं संपल्यावरही तुझा पेला भरलेलाच होता. ते मी पाहिलं."

घरी आल्यावर तिने समोवार पेटवला. मी पाटावर बसून बूट काढले. तिने दुसरं फडकं माझ्यासमोर टाकलं आणि म्हणाली, बघू, अजून गुंडाळता येतं का. आलं. एकही चुणी नाही. तिने गुडघ्यावर बसून टाच तपासली आणि मान डोलावली.

रक्तदाब मोजला नाही. प्यालो: चहा. समोवार आधी मी फुंकला, पण त्याने ऐकलं तिचंच.